नासा ते नालासोपारा

मराठीत विज्ञानकथा कोणी वाचत नाही, अशी तक्रार परिसंवादांतून नेमाने होते. तक्रार करणाऱ्या मान्यवरांना वसई-विरारकडच्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आठवडाभर घालून ठेवावं. सकाळी दूध यायच्या आत पहिली विज्ञानकथा येते. दुपारी जेवणं उरकून मंडळी आडवी झाली की दुसरी. तिसरी रात्री साडेबाराच्या आत यावीच लागते, कारण साडेबारानंतर त्याच कथेच्या आदेशानुसार मोबाइल बंद ठेवायचा असतो. वाचकवर्ग मोठा, प्रतिसाद तत्काळ, आवृत्त्या तासागणिक. अडचण एवढीच, की आपण कथा वाचतोय हे वाचकांना ठाऊक नसतं.

या साहित्याचा माझा अभ्यास विरार लोकलमध्ये झाला. नालासोपाऱ्यानंतर गाडीत हात जिथे असेल तिथेच राहतो. तो मोबाइलसकट नाकासमोर अडकला, तर अंधेरीपर्यंत समोर येईल ते वाचण्यावाचून गत्यंतर नसतं. अशा सक्तीच्या वाचनातून माझ्या लक्षात आलं की या वाङ्मयप्रकाराचे नियम महाकाव्याइतके पक्के आहेत.

नायक नासा. ही अमेरिकेतली संस्था दिवसरात्र भारताकडे दुर्बीण लावून बसलेली असते आणि जे दिसेल ते आमच्या ग्रुपला कळवते. दुय्यम भूमिकांत युनेस्को, बीबीसी आणि सिंगापूरची एक टीव्ही वाहिनी. घटना बहुधा रात्रीची, पण वेळ मात्र मिनिटासकट. वेळ नेमकी दिली की माणूस घड्याळ बघतो, आणि घड्याळ बघणारा माणूस शंका घेत नाही. शेवटी, व्रतकथेला फलश्रुती असावी तसा, आदेश: जनहितार्थ दहा जणांना पाठवा. न पाठवल्यास काय होईल हे लिहिलेलं नसतं, पण साधुवाण्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

या प्रकारातली अभिजात कृती म्हणजे वैश्विक किरणांची कथा. आज रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळात मंगळाकडून अतिशय घातक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, तरी मोबाइल बंद करून लांब ठेवावेत. खात्री करायची तर नासा आणि बीबीसी बघावं. ‘खात्री करायची तर’ हे त्यातलं सर्वांत कसबी वाक्य. ज्याला खात्री करायची सोय दिली, तो ती कधीच करत नाही. ही कथा पंधरा वर्षांहून जास्त काळ फिरते आहे. किरण अजून ‘आज रात्री’च येतात.

गंमत अशी की वैश्विक किरण खरोखर येतात, आणि ते साडेतीनला परत जात नाहीत. व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली बलूनमधून वर जाऊन त्यांचा शोध लावला. आपल्या होमी भाभांनी १९३७ साली हाइटलर यांच्याबरोबर, हे किरण वातावरणात शिरल्यावर कणांचा पाऊस कसा पडतो, ते गणिताने मांडलं. त्या पावसातले म्युऑन नावाचे कण जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक या हिशेबाने पडत असतात. म्हणजे हा मजकूर वाचता वाचता तुमच्या तळहातातून मिनिटाला शंभरेक कण आरपार जात आहेत. स्लॅब त्यांना अडवत नाही, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू अडवत नाहीत, आणि मोबाइल चालू आहे की बंद, याची ते चौकशी करत नाहीत. ही माहिती मी एकदा ग्रुपवर टाकली. तिच्याखाली कोणीतरी ‘शुभ सकाळ’ टाकलं.

किरणांची एवढी धास्ती असेल तर विषय घराजवळच आहे. तारापूरचं अणुवीज केंद्र आमच्याच पालघर जिल्ह्यात, आणि १९६९ साली सुरू झालेलं देशातलं ते पहिलं. पण तारापूरवर कधी फॉरवर्ड येत नाही. कोणाचा तरी भाचा तिथे नोकरीला असतो, कॉलनीत त्याला क्वार्टर असते. ज्या अणुभट्टीच्या आवारात भाच्याची स्कूटर उभी असते, तिची भीती कशी वाटणार? भीतीला अंतर लागतं. मंगळ त्या दृष्टीने सोयीचा.

मंगळाचीच दुसरी कथा दर ऑगस्टला येते. २७ ऑगस्टच्या रात्री आकाशात दोन चंद्र दिसणार; मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा होणार; पुन्हा हा योग आपल्या हयातीत नाही. या कथेचा उगम ठाऊक आहे, आणि तो कथेपेक्षा बहारदार आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ खरोखर पृथ्वीच्या जवळ आला होता, ५ कोटी ५७ लाख किलोमीटरवर, म्हणजे सुमारे साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका. तेव्हाच्या मूळ ईमेलचा आशय असा होता, की पंचाहत्तर पट मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ बघितला, तर नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो तेवढा दिसेल. हे बरोबरच होतं. पण वाक्याच्या मधोमध ओळ तुटली. दुर्बीण वरच्या ओळीत राहिली, नुसता डोळा खाली आला, आणि पुढे पाठवणाऱ्यांनी खालची ओळ तेवढी पाठवली. एका मुद्रितशोधकाच्या अभावी पृथ्वीला दुसरा चंद्र मिळाला.

तो खरंच मिळाला असता तर? मंगळ चंद्राएवढा दिसायचा, तर तो साडेसात लाख किलोमीटरवर यायला हवा. मंगळाचं वस्तुमान चंद्राच्या जवळजवळ नऊपट. हिशेब केला तर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर भरती आजच्या जवळपास दुप्पट होईल. १० जुलै २०१८ ला साध्या पावसात आणि साध्या भरतीत वसई-विरारमधली लोकल बंद पडली होती, मिठागरातली माणसं अडकली होती. तेव्हा आकाशात चंद्र एकच होता. दुसऱ्या चंद्राचं स्वागत करण्याआधी नाल्यांचा विचार व्हावा.

जुलैची कथा वेगळी. तिचं नाव ‘अल्फेलियन’. पृथ्वी सूर्यापासून नेहमी ९ कोटी किलोमीटरवर असते, ती उद्या पहाटे १५ कोटी २० लाख किलोमीटरवर जाणार. त्यामुळे ऑगस्ट संपेपर्यंत थंडी, सर्दी, खोकला आणि अंगदुखी. तरी आल्याचा काढा घ्यावा. काढा पुढच्या आवृत्तीत आला. लोकवाङ्मयात भर पडत जाते. पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत लांब असते हे खरं, आणि ते अंतर १५ कोटी २१ लाख किलोमीटर असतं हेही जवळजवळ खरं. पण जानेवारीत सर्वांत जवळ असताना ते १४ कोटी ७१ लाख असतं. फरक शंभरात तीन. ‘नेहमीचे’ ९ कोटी मात्र शुद्ध प्रतिभा. तसं असतं तर आपण शुक्राच्याही आत, बुधाच्या शेजारी राहत असतो, ऊन आजच्या पावणेतीनपट पडलं असतं आणि वसईची सुकेळी झाडावरच तयार झाली असती. जुलैमध्ये सर्दी होते हे मात्र निर्विवाद. भिजलेल्या कपड्यांनी विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर पंख्याखाली उभं राहिल्यावर ती होते. त्यात सूर्याला ओढायचं कारण नाही.

रहस्यप्रधान विज्ञानकथेचा कळस २०१६ च्या नोव्हेंबरात झाला. दोन हजाराच्या नव्या नोटेत नॅनो जीपीएस चिप आहे, उपग्रह तिला हाक मारतो, आणि नोट जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी ती ‘मी इथे आहे’ म्हणून सांगते. ही कथा वाहिन्यांनीही अभिनयासकट सादर केली. रिझर्व्ह बँकेने असं काही नसल्याचं सांगितलं. ते सोसायटीच्या नोटीसबोर्डाइतकंच वाचलं गेलं. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवर असतात आणि फक्त बोलतात. खालचं यंत्र फक्त ऐकतं. ऐकण्यासाठीही त्याला आकाश दिसावं लागतं. माझा फोन आमच्या जिन्यात शिरला की मला भाईंदरच्या खाडीत दाखवतो. रिक्षावाला मग तिथे उभा राहून विचारतो, “साहेब, कुठे आहात?” आणि इकडे कागदाचा एक तुकडा चाळीस मजले खोल जमिनीतून उपग्रहाशी गुजगोष्टी करणार. १९ मे २०२३ ला ती नोट मागे घेण्याचं जाहीर झालं. अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक नोटा परतल्या, बाकीच्या अजून लोकांकडेच आहेत. चिप असती तर कुदळ घेऊन जायचं काम होतं.

दिवाळीच्या पाडव्याला नासाने काढलेला भारताचा फोटो येतो. त्यात देशभर पांढरे, निळे, हिरवे, लाल दिवे असतात. आमच्या ग्रुपवरचे काका आणि इतर जाणकार मंडळी बोट ठेवून “ही बघा विरारची रोषणाई” असं दाखवतात. ते चित्र उपग्रहाच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून बनवलं होतं. पांढरे दिवे १९९२ च्या आधीचे, निळे त्या वर्षीचे, हिरवे १९९८ चे, लाल २००३ चे. भारताची वस्ती कशी वाढत गेली ते त्यात दिसतं. म्हणजे काकांनी दाखवलेला विरारचा ठिपका एका अर्थाने महत्त्वाचाच: ती कंदिलांची नव्हे, बिल्डरांची दिवाळी होती. पणत्यांचा उजेड एवढ्या उंचीवरून वेगळा ओळखूच येत नाही, हे नासाने स्वतःच स्पष्ट केलं आणि २०१२ च्या दिवाळीचा खरा फोटोही दिला. तो फिका होता. चालला नाही.

आता कोणी म्हणेल, एवढं कळतं तर ग्रुपवर सांगत का नाही? सांगून बघितलं. संवाद असा होतो:

“काका, ते किरणांचं खोटं आहे.”

“असेल रे. पण फोन बंद ठेवायला काय जातंय?”

“मग पुढे का पाठवलंत?”

“लोकांनी सावध नको राहायला?”

“कशापासून?”

“तेच तर कळत नाही ना, म्हणून सावध.”

या युक्तिवादाला उत्तर नाही. हेच काका टँकर येणार असल्याचा सेक्रेटरींचा मेसेज आला की म्हणतात, “आला की बघू.” टँकरच्या बाबतीत त्यांना पुरावा लागतो. त्यांच्यात चिकित्सक वृत्ती नाही असं कोणी म्हणू नये. ती फक्त पृथ्वीच्या कक्षेपुरती आहे.

खरी पंचाईत होते ती खऱ्याची. २०२४ च्या उन्हाळ्यात वसईच्या किल्ल्यात बिबट्या शिरला होता. चिमाजी अप्पांनी १७३९ साली जो किल्ला शर्थीने घेतला, त्यात हा पठ्ठ्या एकटाच शिरला आणि वन खात्याच्या पिंजऱ्याला बरेच दिवस दाद देईना. शेवटी सापडला. त्याचा फोटो ग्रुपवर आला, तेव्हा काकांनी चष्मा वर करून निकाल दिला, “एआय आहे. शेपूट बघ, सरळ वाटत नाही.” पावसाळ्यात मात्र कुठल्या तरी रस्त्यावरून मगर चालल्याचा व्हिडिओ येतो. ती मगर २०१९ च्या पुरातली, वडोदऱ्याची असते. कॅप्शनमध्ये ती आचोळे रोडला पोहोचते आणि काका म्हणतात, “बघितलंस? म्हणून सांगतो, भाजी आणायला जाऊ नकोस.”

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून आकाशात जळत जाणारी लांबलचक रेघ दिसली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात त्याच सुमारास सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. पुढे आसपास गोळेही सापडले. चिनी लाँग मार्च रॉकेटचा वरचा टप्पा वातावरणात शिरून तुटला, त्याचे हे अवशेष, असा अंदाज तज्ज्ञांनी दिला. आकाशातून यंत्राचा भाग पडतो आणि तो पोलीस ठाण्यात नेऊन ठेवतात, यापुढे विज्ञानकथेने काय करावं? आमच्या ग्रुपवर त्याला एकच प्रतिक्रिया आली: “एवढं मोठं पडलं असतं तर नासाने कळवलं नसतं?”

लोणारचं तेच. उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये झालेलं सरोवर, आणि २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने मिठाच्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव शोधून काढले. गुलाबी रंग त्यांचा. कथेत हे लिहिलं असतं तर संपादकाने ‘जरा अतिरंजित’ असा शेरा मारून परत पाठवलं असतं.

आणि आमची लोकल? तिच्यावरच्या विनोदांचा इंटरनेटवर डोंगर आहे. बोरिवलीला उतरायचं म्हणून विरार फास्टमध्ये चढलेला माणूस हा त्यातला कायमचा शोकात्म नायक. दोन वस्तू एका वेळी एका जागी राहू शकत नाहीत हा पदार्थविज्ञानाचा सिद्धान्त दादरपर्यंतच लागू आहे, असंही एक मीम सांगतं. पण रेल्वेच्या परिभाषेने सगळ्या मीमकारांवर मात केली आहे. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी राहतात तेव्हा त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात. हा शब्दप्रयोग न्यूट्रॉन ताऱ्यासाठी नसून सात बावन्नच्या गाडीसाठी आहे. विरारहून मुंबईला पहिली लोकल १८६७ च्या एप्रिलमध्ये निघाली. त्या गाडीत बसायला जागा मिळाली होती, असा फॉरवर्ड आला तर तो मात्र मी नासाचा शिक्का असल्याशिवाय मानणार नाही.

मग खऱ्यात आणि फॉरवर्डमध्ये फरक कशाचा? लाडबोरीच्या कड्यामागे तज्ज्ञांचा ‘अंदाज’ होता, लोणारच्या गुलाबी रंगामागे सूक्ष्मजीवांचं अवघड नाव. विज्ञान ‘बहुधा’, ‘साधारण’, ‘सुमारे’ असं बोलतं. ज्याला खात्री नसते तो कशाला बोलतो, असं आपल्याकडे लहानपणापासून सुनावलेलं असतं. फॉरवर्ड कधी चाचरत नाही. तो नावानिशी बोलतो, फक्त नाव दुसऱ्याचं असतं.

या नावाच्या प्रकरणात आपल्याकडे एक फार सुंदर उलटा दाखला आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते नाव घेतलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हस्तलिखितही पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहून घेतलं होतं. विश्वरचनाशास्त्रात ज्यांचं नाव जगभर गेलं होतं त्यांनी ते झाकलं. का, तर कथा कथा म्हणून तपासली जावी. आणि ज्याला आपली इमारतही धड ओळखत नाही तो नासाचं नाव लावतो. का, तर कथा तपासली जाऊ नये. नारळीकरांनी फॉरवर्ड लिहिला असता तर शेवटी ‘हे काल्पनिक आहे’ असं लिहिलं असतं आणि तो कोणीच पुढे पाठवला नसता.

स्वतःच्या नावाने, जबाबदारीने फॉरवर्ड पाठवणाराही होऊन गेला आहे, आणि त्याचा मेसेज आमच्याच गावात पोहोचला होता. सम्राट अशोकाने एकच मजकूर गिरनार, धौली, कालसी, मानसेहरा अशा दूरदूरच्या ठिकाणी खडकांवर कोरवला. त्या यादीत सोपारा होतं. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात मिळाला, नवव्याचा १९५६ साली जवळच्या भुईगावात. आठव्या लेखात राजा सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीला नि मौजेला फिरायचे, मी धर्मयात्रेला जातो, लोकांना भेटतो. म्हणजे प्रवासाचं स्टेटस. नवव्यात तो म्हणतो की आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, ज्यांचं फळ फारसं नाही. नोकरचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं हे खरं मंगल. तेवीसशे वर्षांपूर्वी, रात्री साडेबाराला फोन बंद ठेवण्याच्या तोडीच्या खबरदारीवर बादशाही खुलासा, आणि तो थेट नालासोपाऱ्याला! खुलाशाचा तुकडाच तेवढा शिल्लक राहावा, हेही रीतीला धरूनच.

मला ही कल्पना फार आवडली. म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, की भारतातला पहिला फॉरवर्ड सम्राट अशोकाने सोपाऱ्याला पाठवला होता, आणि त्यात लिहिलं होतं की उगाच काहीबाही करत बसू नका. खाली शिलालेखांची वर्षं दिली, शोधणाऱ्याचं नाव दिलं, तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बघता येतो हेही सांगितलं. प्रतिक्रिया म्हणून हात जोडलेला एक इमोजी आला. काकांनी विचारलं, “युनेस्कोने जाहीर केलंय का?”

काही दिवसांनी पुण्याच्या मामेबहिणीकडून मला मेसेज आला. नासाच्या शास्त्रज्ञांना नालासोपाऱ्याच्या खडकात तेवीसशे वर्षांपूर्वीची नॅनो चिप सापडली असून, तिच्यावरून सम्राट अशोक एकाच वेळी मानसेहरा ते धौली संदेश पाठवत असे. आज रात्री साडेबारा ते साडेतीन ती पुन्हा चालू होणार आहे. प्रत्येक वसईकराला अभिमान वाटेल, दहा जणांना पाठवा. खाली मोडक्या दुर्बिणीसारखा दिसणारा कसलासा लोगो होता.

मजकुराची बांधणी उत्तम होती, वेळ मिनिटासकट होती, ‘सुमारे’ कुठेही नव्हतं. मीही काकांना पाठवला. मेसेजवर बऱ्याचदा पुढे पाठवल्याचे दोन बाण आलेले होते, आणि व्हॉट्सॲपच्या २०२० च्या नियमाप्रमाणे असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. बाकीच्या नऊ जणांचं काका बघतील.